स्मरण की मोह?



अंकासाठी ‘गुरुकृपेचा अनुभव’ लिहून द्या, असे संपादक मंडळी गेली तीन वर्षे मला सांगत आहेत. मी टाळत आलो. अनुभव म्हटला की वाचणाऱ्याला काहीतरी घडलेले हवे असते. आजार बरा झाला, हरवलेली वस्तू सापडली, अडलेले लग्न जमले. असे अनुभव मी या अंकात आवडीने वाचतो आणि त्यांवर माझा विश्वासही आहे. पण तसा माझ्याजवळ काही नाही. माझ्याजवळ एक प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नापायी माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. यंदा वयाला ७९ पूर्ण झाली. पुढच्या अंकापर्यंत असेन-नसेन, म्हणून लिहून टाकतो.

मी पोस्टातला माणूस. ३९ वर्षे नोकरी केली आणि २००६ साली सुटलो. घर कुरुंदवाडला, म्हणजे नदी ओलांडली की नरसोबाची वाडी. लहान पोस्टांत तेव्हा तारही आमच्याकडेच यायची. मृत्यूची तार आली की ती घेऊन जाणाऱ्या शिपायाचा चेहरा बघूनच गल्लीला कळे. घरातल्यांना वाचता येत नसले तर तोच उंबऱ्यात उभा राहून वाचून दाखवी आणि सही घेऊन परत येई. अशा किती तारा माझ्या हाताखालून गेल्या त्याची गणती नाही. मी त्यांच्याकडे काम म्हणून बघत असे. आमच्या घरची बातमी २००४ साली आली ती मात्र तारेने नाही, फोनवर आली. पुण्याहून येताना रस्त्यात अपघात. मुलगा २८ वर्षांचा होता.

सांगलीत इंजिनिअर होऊन तो पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. त्याला असल्या यंत्रांची भारी हौस. त्या वेळी मोबाइल होते, पण येणाऱ्या फोनलासुद्धा पैसे पडत. त्याच्याजवळ मोबाइलच्या आधीपासून एक वेगळेच यंत्र होते. तळहातावर मावणारा संगणक, पामटॉप म्हणत. अमेरिकेत १९९६ साली पाम पायलट नावाचे यंत्र निघाले, त्याच जातीचे. २००१ साली त्याचा एक मित्र तिकडे गेला होता, त्याच्याकडून मागवलेले. त्याच्यावर फोन करता येत नव्हता, फोटो निघत नव्हता. पत्ते, नंबर, हिशेब, टिपणे आणि तारखा एवढेच. एक प्लास्टिकची काडी असे, तिने काचेवर इंग्रजी अक्षरे काढायची. अक्षरे त्याच्या पद्धतीने काढावी लागत. इंग्रजी ‘ए’ मधली आडवी रेघ न देता, नुसता कौलारू छपरासारखा. सुट्टीत आला की तो मला शिकवायचा. “बाबा, पोस्टात कॉम्प्युटर येतोय, शिकून ठेवा.” मी हौसेने शिकलो. त्याचा पुढे असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

तो गेल्यावर त्याचे खोलीमित्र दोन बॅगा आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. ती सगळी मांडणीशेजारी तशीच ठेवली होती. तेरावा अजून व्हायचा होता. गुरुवार होता. घर माणसांनी भरलेले, आणि सव्वाआठच्या जरा आधी पिशवीतून बारीक आवाज यायला लागला. टीं टीं टीं. कोणाला काही कळेना. हिने उठून पिशवी उपडी केली, त्यात ते मशीन. काचेवर अक्षरे होती. मी वाचली. इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिले होते : ‘आई फोन’.

दर गुरुवारी तो आईला फोन करायचा. आम्ही संध्याकाळी वाडीला जाऊन परत आलेले असायचो, तेव्हा. इतकी वर्षे आम्ही समजत होतो की त्याला आपोआप आठवते. त्याने त्याची आठवण मशीनला लावून ठेवली होती, कामात राहून जाऊ नये म्हणून.

(नातवाने हे परवा पहिल्यांदा वाचले तेव्हा तो म्हणाला, “आजोबा, आयफोन?” आयफोन तर २००७ साली आला. आमचा आधीचा.)

मुलाच्या एका मित्राने जाताना मला एक गोष्ट नीट समजावून सांगितली. हल्लीच्या फोनसारखे ते यंत्र नव्हते. त्याच्यातले सगळे सेलच्या जोरावर टिकून असायचे. बारीक पेन्सिल सेल, दोन. ते पूर्ण उतरले की आत लिहिलेले सगळे पुसून जाणार. बदलताना जुने काढून नवे घालायला मिनिटभराची सवड, तेवढ्यात घातले पाहिजेत. दुसऱ्या संगणकाला जोडून नक्कल ठेवता येते, पण तो संगणक कंपनीचा होता आणि कंपनीकडे परत गेला होता. ही शेजारी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे नंदादीपासारखंच की. तेल घालत राहायचं.”

आणि तिने ते घातले. पुढची १५ वर्षे. दर पौर्णिमेला आंघोळ-पूजा आटोपली की देवघरासमोर पाट मांडायचा, मशीन पालथे घालायचे, नवे सेल उजव्या हाताला तयार ठेवायचे आणि श्वास धरून बदलायचे. सेल काही महिन्यात संपत नसत, अर्धेसुद्धा उतरत नसत. मी सांगून बघितले. उपयोग नाही. जुने सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये जात. आमचा रिमोट १५ वर्षे असा प्रसादावरच चालला.

गुरुवारी ते वाजे. ही हात पुसत येई, काडीने काचेवर टेकवून ते बंद करी, आणि पाच-दहा मिनिटे तिथेच बसे. रडत नसे. काय करते ते मी विचारले नाही. मग उठून पाने घेई.

आत काय होते ते मला पाठ होते. चाळीसेक नंबर. खर्चाची यादी, चहाचे तीन रुपयेसुद्धा मांडलेले. ‘बाबा चष्मा विचारणे’, ‘आई गुडघे डॉक्टर’. एके ठिकाणी खाणावळवाल्या मावशींचे ३४० रुपये देणे लिहिले होते आणि पुढे काट मारलेली नव्हती. नंबर त्यातच होता. पत्ता विचारून घेतला आणि मनिऑर्डर केली. पोच आली. पोस्टातल्या सबंध नोकरीत कुठली पोच मी जपून ठेवली असेल तर ती.

इथपर्यंत सगळे ठीक. आता प्रश्न.

आमच्या घरी मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह असतो. वडिलांनी केला, मी करतो. मी वाचायचा, हिने समोर बसून ऐकायचा. मुलगा गेल्यानंतरचा पहिला सप्ताह मला फार जड गेला, कारण मधे २०-२१ वा अध्याय येतो. वाचकांना माहीत आहेच, तरी सांगतो. शिरोळची बाई, मुले जगत नाहीत, श्रीगुरूंच्या कृपेने मुले होतात आणि त्यांतला एक पुन्हा जातो. ती प्रेत सोडीना. तेव्हा एक ब्रह्मचारी येतो आणि तिला ज्ञान सांगतो. देह नाशिवंत, कोण कोणाचा, शोक का करतेस. बाई ऐकून घेते आणि तरी म्हणते, ज्याने दिला त्याच्या शब्दाचे काय? मग त्याच्याच सांगण्यावरून ती मुलाला घेऊन औदुंबराखाली येते आणि पादुकांवर डोके आपटते. रात्रीतून मूल उठते.

शिरोळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ती बाई आम्हाला शेजारीण वाटावी इतकी जवळची. मी तो अध्याय भरभर, खालच्या आवाजात वाचू लागलो. हिला त्रास नको म्हणून. ही उलट पुढे सरकून बसली. रात्री म्हणाली, “ती बाई मला आवडते. साधूचं सगळं ऐकून घेतलं, पण मूल सोडलं नाही.”

मी म्हटले, “पण तिचा उठला. आपला काय उठणार आहे?”

“मी कुठं म्हटलं उठणार आहे म्हणून?” एवढेच बोलली.

मला ते पटले नाही. मी तेव्हा ब्रह्मचाऱ्याच्या बाजूचा होतो. एकनाथी भागवत माझ्या वाचनात असते. अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्या अवधूताला आपण दत्तात्रेयच मानतो. त्या २४ गुरूंत एक कपोत आहे. पिल्ले पारध्याच्या जाळ्यात सापडतात, ती बघून मादी जाळ्यात झेप घेते, आणि मग दोघांच्या शोकाने तो कपोतही. मी हिच्याकडे बघून मनात म्हणायचा, हेच ते. दर गुरुवारी जाळ्यात उडी. दर पौर्णिमेला जाळे नवे करून ठेवायचे. आणि याला नंदादीप म्हणायचे! देवापुढचा दिवा आणि मेलेल्या मुलाचे मशीन यांत फरक नको?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. आता तर घरोघर झाला आहे. गेलेल्याचा नंबर फोनमधून काढवत नाही. त्याचे फोटो, त्याचा आवाज, त्याचे शेवटचे ‘पोचलो’ असे दोन शब्द, सगळे खिशात. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी नवऱ्याचा मोबाइल अजून चालू ठेवला आहे, दर महिन्याला पैसे भरतात. हे स्मरण म्हणायचे की मोह? शास्त्र बघावे तर पिंडाला कावळा शिवला की आपण ‘सुटला’ म्हणतो. सुटला म्हणजे कोण सुटला? तो की आपण? वर्षश्राद्धानंतरही आपण दरसाल त्याचे नाव-गोत्र उच्चारून पाणी देतोच. म्हणजे शास्त्रानेही धागा पुरता तोडायला सांगितलेला नाही. तिथी ठरवून दिली आहे.

मी मात्र निकाल देऊन मोकळा झालो होतो. आता माझी चूक सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट. पुराबद्दल इकडच्या लोकांना सांगायला नको. २००५ चा पूर पाहिलेला होता, म्हणून आम्ही गाफील राहिलो. पाणी वाढतच गेले. वाडीचे देऊळ पाण्यात गेले, कुरुंदवाडला वेढा पडला, आणि आम्हाला होडीतून काढले. हिने बरोबर घेतले ते दत्ताची तसबीर, पोथी, औषधांची डबी आणि दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले ते मशीन. घराची कागदपत्रे मी घेतली. इचलकरंजीला मुलीकडे गेलो. तिथे पोचल्यावर हिला ताप भरला, चार दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. त्या महिन्याची पौर्णिमा १५ ऑगस्टला होती. पण पुराच्या आधीच्या पौर्णिमेला घाईत तिने जुनेच सेल पुन्हा घातले होते, हे तिला आता आठवले. सलाइन लावलेल्या हाताने मला खूण केली. “अहो, आजच्या आज सेल आणा.”

मी आणले. खरंच आणले. सदऱ्याच्या खिशात होते. पण दोन दिवस घातले नाहीत.

विसरलो नाही, हे लिहायलाच हा लेख. काचेवर सेल संपत आल्याची खूण मला दिसत होती. मी मनाशी म्हटले, घर पाण्याखाली आहे, १५ वर्षांचे सगळे वाहून गेले असेल, हेही जाऊ दे. ही सुटेल. आणि मला वाटले की हा विचार मला गुरुमहाराजच सुचवत आहेत. माणूस आपल्या मनातल्या गोष्टीवर देवाचा शिक्का किती सहज मारतो बघा. पोस्टात राहूनही मला खोटा शिक्का ओळखता आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी मशीन उघडले. काच कोरी. नवे सेल घातले. काचेवर एक ठिपका आला आणि त्यावर काडी टेकवा असे सांगू लागले. मग दुसरा ठिपका. कोरे मशीन दुकानातून आणल्यावर पहिल्यांदा असेच विचारते, मुलाने मला दाखवले होते. नंबर नाहीत, खर्च नाही, चष्मा नाही, गुडघे नाहीत. ३४० रुपयेही नाहीत.

मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. मला मुलगा दुसऱ्यांदा गेल्यासारखे झाले. १५ वर्षे मी त्याच्याबद्दल घरात चार वाक्ये सलग बोललो नव्हतो. पुण्याला पाऊल टाकले नव्हते. माझी समजूत अशी की हे वैराग्य. त्या व्हरांड्यात मला कळले की मी सगळा भार हिच्यावर टाकून बसलो होतो. ती तेल घालत होती म्हणून मला निर्मोही होऊन बसता येत होते.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी काडी घेतली. छपरासारखा ‘ए’ काढला, पुन्हा एक काढला. तारीख-वेळ लावली. दर गुरुवारी, रात्री सव्वाआठ, ‘आई फोन’. बाकीचे काही लिहायचे धाडस झाले नाही. पुढच्या गुरुवारी मुलीच्या घरी ते वाजले. ही अंथरुणावरून उठून बसली, काडी टेकवली, नेहमीसारखी बसून राहिली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

खोटे बोललो नव्हतो, पण केले होते खोटेच. ब्रह्मचाऱ्याच्या बाजूचा माणूस हे करून बसला. पुढे प्रत्येक सप्ताहाला संकल्प सोडताना मला ते टोचायचे. सांगावे तर तिचा १५ वर्षांचा दिवा मी मुद्दाम विझू दिला हे सांगावे लागणार. न सांगावे तर दर गुरुवारी ती माझ्या खोट्यापुढे हात जोडून बसणार. तीन वर्षे मी गप्प राहिलो.

२०२२ साली ही गेली. अहेवपणी गेली. जाण्याआधी महिनाभर अंथरुणावर होती. एका गुरुवारी मशीन वाजले, तिला हात उचलवेना, म्हणून मीच काडी टेकवली. ती हसली. म्हणाली, “पुराच्या आधी हे सव्वाआठच्या आधी पाच मिनिटं वाजायचं.”

मला समजेना. ती सावकाश म्हणाली, “तो आधी पाच मिनिटं लावायचा. पाणी प्यायचा, काय बोलायचं ते ठरवायचा, मग फोन करायचा. पुरानंतर बरोबर सव्वाआठच्या ठोक्याला वाजतंय. तुम्ही पोस्टातले.”

तीन वर्षे तिला माहीत होते. पहिल्या गुरुवारीच कळले होते. मी सगळे सांगून टाकले, खिशातल्या सेलसकट. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, “विझला तर विझला. गावातल्या देवळातला नाही का वाऱ्यानं विझत? गुरव काडी ओढतो नि लावतो. तुम्ही लावलात ना.” थोड्या वेळाने म्हणाली, “एवढी वर्षं मी एकटीच बसायचे. नंतर तीन वर्षं वाटायचं, तुम्हीपण आहात.”

वाडीला पावसाळ्यात दक्षिणद्वार सोहळा होतो. कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढते, उत्तरेकडून देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री धावतात. पाणी आणखी चढले की पादुका दिसेनाशा होतात, उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात नेतात, आणि पूजा-आरती तिथे चालू राहते. मी जन्मभर हे बघत आलो, स्नानही कैक वेळा केले. पण ज्या पादुकांसाठी माणसे कुठून कुठून येतात, त्या दिसेनाशा होण्याला आमच्या वाडवडिलांनी सोहळा का म्हटले, याचा विचार ही गेल्यावर पहिल्यांदा केला. पादुका पाण्यातून काढायला कोणी बुडी मारत नाही. आणि पादुका दिसत नाहीत म्हणून कोणी आरती चुकवतही नाही. हिला हे वाडीच्या पाण्याने शिकवले असेल की काय कोण जाणे. ती कधी अशा भाषेत बोलली नाही.

कपोताची गोष्टही मी आता जरा वेगळी वाचतो. अवधूताने त्याला गुरू केले ते त्याने जाळ्यात उडी घेतली यावरून. पिल्लांसाठी रडल्यावरून नव्हे, असे मला वाटते. ही १८ वर्षे जाळ्याच्या कडेला बसून राहिली. पण उडी घेतली नाही. तिने मुलीची दोन बाळंतपणे काढली, माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन निभावले, पुरानंतर घरातला चिखल उपसला, गल्लीतल्या पोरांना भूक लागली तर खाऊ घातले. गुरुवारची दहा मिनिटे सोडली तर तिने कोणाचे काही अडवले नाही. आणि जो मी वरून बघत होतो, तो मुलाचे नावही घेत नव्हतो. जाळ्यात कोण होते?

पंडित मंडळींना हे पटणार नाही कदाचित. ते म्हणतील, दहा मिनिटांचाही मोह मोहच. असेल. शिरोळच्या बाईला ज्ञान सांगणारा ब्रह्मचारी श्रीगुरूंचेच रूप होता असे आपण मानतो, आणि रात्री येऊन मूल उठवणारेही तेच. एकाच रात्रीच्या कथेत त्यांनी दोन्ही केले. ज्ञान सांगून ते निघून गेले असते, तर तो अध्याय मी आजवर इतक्या वेळा वाचला असता का, शंका आहे. आमचे मूल उठले नाही. ते का नाही, हे मी महाराजांना विचारतो आणि उत्तर आलेले नाही. पण त्या बाईने डोके आपटले म्हणून तिला पोथीत कोणी नाव ठेवलेले नाही, हेही मी आता बघतो.

नातू इंजिनिअरिंगला आहे. आजीचा त्याला फार लळा. तिच्या शेवटच्या दोन वर्षांत तिने त्याला मोबाइलवर बोलून पाठवलेले पुष्कळ निरोप आहेत. ‘जेवलास का’, ‘अंगावर स्वेटर घाल’, असेच सगळे. दिवाळीत तो म्हणाला, “आजोबा, आता असं करता येतं, हे सगळे आवाज दिले की मशीन आजीच्या आवाजात बोलेल. तुम्ही विचाराल त्याला उत्तर देईल.” त्याच्या जुन्या मामाच्या मशीनमध्ये सगळे मिळून दोन मेगाबाइट मावत, आज एक फोटो त्यात बसायचा नाही, हेही त्यानेच सांगितले. सांगताना त्याचे डोळे भरले होते. त्याला ते माझ्यासाठी हवे होते, आणि स्वतःसाठीही.

मी लगेच नाही म्हणू शकलो नाही. ज्याने मुलाच्या नावाने घंटा लावून ठेवली, त्याने नातवाला खऱ्या-खोट्याचा उपदेश काय करायचा? दोन रात्री विचार केला. मग त्याला असे सांगितले की, माझ्या घंटेने फक्त वेळ सांगितली. तुझा मामा काय बोलला असता ते तुझ्या आजीने आपल्या मनात ऐकले, किंवा ऐकले नसेल, ते तिचे तिला ठाऊक. मशीन जर तिच्या आवाजात मला म्हणाले की ‘अहो, खिशातले सेल मी माफ केले’, तर मी ते मानीन. मला मानावेसे वाटेल, म्हणून मानीन. आणि ते तिने म्हटलेले नसेल. तिने जे म्हटले ते माझ्याजवळ आहे, तेवढे पुरे. गाणगापूरच्या पादुका बोलत नाहीत. बोलत्या असत्या तर आपणच त्यांच्याकडून हवे ते वदवून घेतले असते.

त्याला पूर्ण पटले असे नाही. म्हणाला, “मी माझ्यापुरतं केलं तर?” मी म्हटले, “तुझं तू बघ. पण ‘जेवलास का’ तिनं खरंच म्हटलंय, ते पुसू नकोस.” तिचे ते निरोप त्याने आता दुसरीकडेही जपून ठेवले आहेत, म्हणजे सेल उतरायची भीती नाही. पोरे आमच्यापेक्षा हुशार.

मंडपात सप्ताहाला आता निम्मे लोक मोबाइलवर पोथी उघडून बसतात. त्यावरून ज्येष्ठ मंडळी कुरकुरतात, सोवळ्या-ओवळ्याचे काय म्हणून. मी त्या वादात पडत नाही. मला नवीन चष्म्यानेही छापील पोथी नीट दिसत नाही, त्यावर अक्षर मोठे करता येते. फक्त मधे फोन वाजला की घेऊ नये, एवढे पाळले तरी पुष्कळ.

मशीन अजून चालू आहे. सव्वाआठलाच वाजते. पाच मिनिटे मागे घ्यावे असे एकदा मनात आले होते, पण तशीच राहू दिली वेळ. बसतो थोडा वेळ. मुलाचे नाव आता घरात घेतो. परवा त्या खाणावळवाल्या मावशींची गोष्ट नातवाला सांगितली, मनिऑर्डरची पोच दाखवली, त्याने तिचा फोटो काढून घेतला. सेल मी पौर्णिमेची वाट बघून बदलत नाही. काचेवर खूण दिसली की बदलतो. त्यामुळे रिमोटला सेल मिळत नाहीत, आणि मुलीच्या घरच्यांना बातम्यांसाठी उठून टीव्हीजवळ जावे लागते, अशी सध्या तक्रार आहे.